‘डिअर’ नेहमीच हरीण नव्हते: इंग्रजीतील प्राणी, अन्न आणि नाती यांच्या शब्दांचे फिरते अर्थ

गवाक्ष (धागाकर्ता)

काही वर्षांपूर्वी मी एका मासिकासाठी एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनच्या अर्थकारणावरील एका लेखाचा अनुवाद केला होता. त्या लेखात ‘कॉर्न लॉज’ हा उल्लेख पानोपानी येत होता आणि मी कसलीही शंका न घेता सगळीकडे ‘मक्याचे कायदे’ असे लिहिले. लेख छापून आल्यावर एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. इंग्लंडच्या थंड हवेत इतका मका पिकत होता का, की त्यासाठी संसदेने कायदे करावेत, एवढेच त्यांनी विचारले होते. तो प्रश्न योग्य होता आणि माझी चूक मोठी होती. १८१५ पासून १८४६ पर्यंत लागू असलेले ते कायदे परदेशातून येणाऱ्या धान्यावर, मुख्यतः गव्हावर, बंधने आणि जकात लादणारे होते. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी ते रद्द करवले आणि त्या निर्णयापायी त्यांचा स्वतःचा पक्ष फुटला. मक्याचा त्या सगळ्या वादाशी फारच थोडा संबंध होता.

‘कॉर्न’ या शब्दाचा मूळ अर्थ दाणा. म्हणून मिऱ्याच्या दाण्याला इंग्रजीत ‘पेपरकॉर्न’ म्हणतात, आणि ‘कॉर्न्ड बीफ’ या खारवलेल्या मांसातला ‘कॉर्न’ म्हणजे जाड मिठाचा खडा आहे, त्यात मका शोधू नये. दाण्यावरून धान्य, आणि धान्यावरून त्या त्या मुलखातले मुख्य धान्य, असा हा शब्द सरकत गेला. इंग्लंडमध्ये तो गव्हासाठी वापरला गेला, तर स्कॉटलंडमध्ये ओटसाठी. अमेरिकेत पोहोचलेल्या वसाहतकारांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या धान्याला आधी ‘इंडियन कॉर्न’ म्हटले आणि पुढे त्यातला ‘इंडियन’ गळून गेला. आज आपल्याकडे चित्रपटगृहाबाहेर वाफाळते ‘कॉर्न’ मिळते, ते या अमेरिकी अर्थाने.

या एका चुकीनंतर मी अशा शब्दांची वही ठेवू लागलो, आणि सगळ्यात जास्त पाने तीन विषयांनी भरली: प्राणी, अन्न आणि नाती. रोजच्या वापरातले हे शब्द आपण शाळेत पहिल्याच वर्षी शिकतो आणि म्हणूनच त्यांचा अर्थ कायमचा ठरलेला आहे, असे गृहीत धरतो. कठीण शब्दासाठी आपण कोश उघडतो, ‘मीट’ किंवा ‘अंकल’ यांसाठी कुणी उघडत नाही.

‘डिअर’ हेच पाहा. जुन्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे कोणताही पशू, आणि जर्मन भाषेतील ‘टीअर’ या शब्दाचा अर्थ आजही ‘प्राणी’ असाच आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये उंदीर-घुशींना ‘लहान डिअर’ म्हटलेले आढळते, आणि तिथे ‘लहान हरणे’ असे भाषांतर केले, तर वाक्याचा अर्थच नाहीसा होतो. फ्रेंच आणि लॅटिनमधून ‘बीस्ट’ आणि ‘अ‍ॅनिमल’ हे शब्द आले, त्यांनी व्यापक अर्थ घेतला, आणि ‘डिअर’ शिकारीच्या मुख्य पशूपुरता उरला. मराठी वाचकाला हे वळण नवे वाटू नये, कारण आपल्या ‘मृग’ शब्दाचे नेमके हेच झाले आहे. माकड ‘शाखामृग’, सिंह ‘मृगेंद्र’, शिकार ‘मृगया’, आणि ऋग्वेदात हत्ती हा ‘मृग हस्ती’, म्हणजे हात असलेला पशू. आज मात्र मृग म्हणजे हरीण. दोन दूरच्या भाषांमध्ये शिकारीनेच हा अर्थ आकसवला, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

‘मीट’ची कथा अशीच आहे. मुळात ‘मीट’ म्हणजे अन्न, कोणतेही अन्न. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडे ‘मीट’ म्हणून देतो, आणि त्याच बायबलमधील ‘मीट ऑफरिंग’ हे तेल घातलेल्या सपिठाचे अर्पण आहे. मराठी बायबलमध्ये त्याला ‘अन्नार्पण’ म्हटले आहे आणि तोच शब्द योग्य आहे. मिठाईसाठीचा ‘स्वीटमीट’ हा इंग्रजी शब्द याच जुन्या अर्थाचा अवशेष आहे. आणखी एक नाते मला फार आवडते: सोबती या अर्थाचा ‘मेट’ हा शब्द याच ‘मीट’च्या कुळातला असून त्याचा मूळ अर्थ, एकत्र अन्न खाणारा.

मंडळातील सदस्यांनी आपापल्या माहितीतील असे शब्द येथे लिहावेत, आणि मी वर काही चुकीचे लिहिले असल्यास निःसंकोच दुरुस्त करावे, ही विनंती.

विदर्भातून

‘कॉर्न’चे उदाहरण वाचून आमच्या भागाची आठवण झाली. भंडारा-गोंदियाकडे ‘धान’ म्हटले की भाताचेच पीक, दुसरे कोणतेही नाही. ‘धान्य’ हा शब्द मात्र ज्वारी, गहू, तांदूळ अशा सगळ्यांसाठी आहे. म्हणजे एकाच कुळातील दोन शब्दांपैकी एक व्यापक राहिला आणि दुसरा मुलखाच्या मुख्य पिकाला चिकटला. कोकणात शेतात उभे असलेले पीकही ‘भात’ आणि ताटात वाढलेले अन्नही ‘भात’. इंग्रजीतील ‘राइस’ही असाच शेतापासून ताटापर्यंत एकच शब्द आहे, मात्र त्या भाषेने सालीसकट तांदळासाठी मलय भाषेतून ‘पॅडी’ हा शब्द घेतला. मलयमध्ये तो ‘पादी’ असा आहे.

रानवाट

प्राण्यांच्या बाबतीत मला भर घालायची आहे, कारण पक्षिनिरीक्षणाची इंग्रजी पुस्तके वाचताना हा गोंधळ वारंवार समोर येतो.

आधी ‘डिअर’विषयी. आमच्या गावात आजही रात्री कुणी ‘जनावर निघाले’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ साप निघाला असाच घेतला जातो. साप हे नाव अंधारात उच्चारायचे नाही म्हणून ‘जनावर’, ‘लांबडे’ असे शब्द वापरले जातात, आणि साप चावला असे न म्हणता ‘पान लागले’ असे म्हणतात. त्याच गावात दिवसा ‘जनावरे’ म्हणजे गुरेढोरे. तेव्हा अर्थ केवळ काळानुसार बदलतो असे नाही, तो वेळ आणि प्रसंग यांवरही ठरतो.

इंग्रजीतील ‘बेअर’ या शब्दामागे अशीच भीती असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. अस्वलाचे जुने नाव संस्कृतात ‘ऋक्ष’, ग्रीकमध्ये ‘आर्क्टोस’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’ असे टिकून आहे, आणि आपल्या जुन्या मराठीतील ‘रीस’ हा त्याचाच वंशज आहे. जर्मानिक भाषा बोलणाऱ्या उत्तरेकडील लोकांनी मात्र ते नाव टाकले आणि त्या प्राण्याला नुसते ‘तपकिरी’ असे म्हटले, त्यातून ‘बेअर’ आला, असे हे मत आहे. रशियन भाषेतील ‘मेद्वेद’ म्हणजे ‘मध खाणारा’. रानात राहणारी माणसे ज्या प्राण्याला घाबरतात, त्याचे नाव घेत नाहीत, ही गोष्ट सह्याद्रीतही खरी आहे आणि रशियातही.

‘फाउल’ आणि ‘बर्ड’ यांनी तर जागांची अदलाबदल केली. पूर्वी ‘फाउल’ म्हणजे कोणताही पक्षी, आणि ‘बर्ड’ म्हणजे पिल्लू. आज ‘बर्ड’ सगळ्या पक्ष्यांसाठी आणि ‘फाउल’ मुख्यतः कोंबडीसारख्या खाण्याच्या पक्ष्यांसाठी. ‘हाउंड’ आणि ‘डॉग’ यांचेही तेच: ‘हुंड’ हा कुत्र्यासाठीचा सर्वसाधारण शब्द होता आणि जर्मनमध्ये तो अजून तसाच आहे, पण इंग्रजीत तो शिकारी कुत्र्यापुरता आकसला आणि कुठून आला हे नीट न उलगडलेला ‘डॉग’ हा शब्द सर्वांसाठी रूढ झाला.

अमेरिकेने निर्माण केलेला गोंधळ वेगळ्या प्रकारचा आहे. घरापासून दूर गेलेली माणसे नव्या प्राण्यांना जुनी नावे देतात. युरोपात ‘एल्क’ ज्या प्राण्याला म्हणतात, त्याला उत्तर अमेरिकेत ‘मूस’ म्हणतात, आणि अमेरिकेतील ‘एल्क’ हे निराळेच मोठे हरीण आहे. ‘रॉबिन’ हा ब्रिटनमधील तांबड्या छातीचा चिमुकला पक्षी, तर अमेरिकेतील ‘रॉबिन’ हा छाती तांबूस असलेला, पण आकाराने बराच मोठा, कस्तुराच्या कुळातील पक्षी. आपल्या दयाळ पक्ष्याला ‘मॅगपाय रॉबिन’ हे नाव इंग्रजांनी याच ओढीने दिले. ‘बझार्ड’ म्हणजे ब्रिटनमध्ये एक शिकारी पक्षी, अमेरिकी बोलण्यात मात्र गिधाड. अमेरिकी कथेचा अनुवाद करताना आकाशात घिरट्या घालणारे ‘बझार्ड’ मेलेल्या गुराभोवती जमले असतील, तर तेथे गिधाडेच लिहावी लागतात.

एक आनंदाची गोष्टही सांगतो. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द आपल्या ‘मुंगूस’ या शब्दावरूनच गेलेला आहे. ‘गूस’चे अनेकवचन ‘गीझ’ होते म्हणून कुणी ‘मंगीझ’ म्हणू लागले, तर त्यांना हे मूळ अवश्य सांगावे.

माजघर

मी स्वयंपाकाविषयी लिहिते, त्यामुळे अन्नाच्या शब्दांवर माझे विशेष लक्ष असते.

इंग्रजी कोशात ‘मटन’ म्हणजे मोठ्या मेंढीचे मांस. आपल्याकडे ‘मटण’ म्हटले की बोकडाचेच समजले जाते, आणि भारतीय इंग्रजीतही हा अर्थ पक्का झाला आहे. मेंढीचे मांस हवे असेल, तर पुणे भागात ‘बोल्हाईचे मटण’ असे वेगळे सांगावे लागते, कारण वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त बोकडाचे मांस वर्ज्य मानतात. म्हणजे इंग्रजीत ज्याला नुसते ‘मटन’ पुरते, त्याला मराठीत विशेषण लावावे लागते. परदेशातील दुकानातून पाककृतीप्रमाणे ‘मटन’ आणून तांबडा रस्सा केला आणि चव निराळी लागली, अशी तक्रार मला अनेकींनी कळवली आहे. त्यांनी ‘गोट’ असे स्पष्ट मागितले पाहिजे.

जिवंत प्राण्याचे नाव एक आणि त्याच्या मांसाचे नाव दुसरे, ही इंग्रजीची सवय सर्वांना ठाऊक आहेच: ‘काउ’ आणि ‘बीफ’, ‘शीप’ आणि ‘मटन’, ‘पिग’ आणि ‘पोर्क’, ‘काफ’ आणि ‘व्हील’. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर गुरे राखणारे इंग्रजी बोलत राहिले आणि ती खाणारे फ्रेंच, म्हणून गोठ्यातला शब्द इंग्रजी आणि ताटातला फ्रेंच, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आता मिरचीकडे येते. ‘पेपर’ हा शब्द लॅटिनमधून आणि त्याआधी ग्रीकमधून मागे नेला, तर आपल्या ‘पिप्पली’पर्यंत पोहोचतो, आणि पिप्पली हीसुद्धा काळी मिरी नव्हे, लांबट फळाची तिची बहीण. कोलंबसाच्या सफरींनंतर अमेरिकेतील तिखट फळे युरोपात आली, तेव्हा तिखटाला ठाऊक असलेले एकमेव नाव ‘पेपर’ हेच होते, म्हणून त्यांनाही तेच मिळाले. पोर्तुगीजांनी ती फळे आपल्या किनाऱ्यावर आणली, तेव्हा आपणही हेच केले. संस्कृत ‘मरीच’वरून आपल्याकडे ‘मिरी’ होतीच, तिच्यावरून ‘मिरची’ झाली. त्यामुळे इंग्रजी पाककृतीत नुसते ‘पेपर’ लिहिले असेल, तर मिरपूड, मिरची की ढोबळी मिरची, हे शेजारचे शब्द पाहून ठरवावे लागते. आपल्या भाजीवाल्याचा ‘कॅप्सिकम’ ब्रिटनमध्ये ‘पेपर’ आणि अमेरिकेत ‘बेल पेपर’ असतो.

‘टर्की’ हा पक्षी तर सगळ्या जगाने एकमेकांच्या माथी मारला आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानाचे नाव दिले, तुर्की भाषेत तो ‘हिंदी’ आहे, फ्रेंचमधील ‘दँद’ म्हणजेही ‘हिंदुस्थानचा’, डच भाषेतील ‘काल्कून’मध्ये आपले कालिकत लपले आहे, आणि पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ म्हटले. दुरून आलेली वस्तू ज्याला जिथली वाटली, तिथले नाव त्याने दिले.

‘बॉम्बे डक’चाही उल्लेख केला पाहिजे. हा बदक नसून आपला बोंबील आहे. सुके बोंबील टपालगाडीने, म्हणजे ‘बॉम्बे डाक’ने जात म्हणून हे नाव पडले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, परंतु बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये धावली आणि हे नाव त्याच्या आधीपासून छापील इंग्रजीत आढळते. त्यामुळे रेल्वेची ही कथा पुढे पाठवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

काळीशाई

माजघर यांचे लेखन नेहमीप्रमाणे माहितीपूर्ण आहे, परंतु गोठा आणि ताट यांच्या कथेबाबत थोडी सावधगिरी बाळगावी असे मला वाटते. ती कथा लोकप्रिय झाली, ती वॉल्टर स्कॉटच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीमुळे. तिच्या सुरुवातीलाच एक विदूषक डुकरे राखणाऱ्याला हा भेद समजावून सांगतो. मुळात तथ्य आहे, हे शब्द फ्रेंचमधून आले आणि ते वरच्या वर्गाच्या भाषेतून आले, यात शंका नाही. मात्र विभागणी एका पिढीत आणि इतकी स्वच्छ झाली नाही. नंतरची काही शतके ‘बीफ’ हा शब्द जिवंत बैलालाही लावला जात होता आणि त्याचे ‘बीव्ह्‌ज’ हे अनेकवचन कळपासाठी वापरले जात होते. ‘मटन’ म्हणजे जिवंत मेंढा, असाही वापर मध्ययुगीन इंग्रजीत आहे. फ्रेंच भाषेत तर ‘मुतों’ हा शब्द आजही मेंढी आणि तिचे मांस या दोहोंसाठी एकच आहे. ताटातल्या शब्दाने गोठ्यातून पाय काढायला पुष्कळ काळ घेतला.

‘व्हेनिसन’ या शब्दाचाही येथे विचार व्हावा. तो शिकार या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आणि शिकारीत मारलेल्या कोणत्याही पशूच्या मांसाला, अगदी रानडुकराच्या मांसालाही, लावला जात असे. आज तो मुख्यतः हरणाच्या मांसासाठी वापरला जातो. गवाक्ष यांनी ‘डिअर’ कसा आकसला ते सांगितले, तर त्याच्या मांसाचे नावही त्याच वाटेने गेले.

माजघर

काळीशाई, दुरुस्तीबद्दल आभारी आहे. ‘बीव्ह्‌ज’विषयी मला माहीत नव्हते. माझ्या लिखाणातील तो परिच्छेद आता मी ‘हळूहळू’ या शब्दासह पुन्हा लिहीन.

जेवणाच्या वेळांच्या नावांविषयी एक राहिले. ‘डिनर’ या शब्दाच्या मुळाशी उपवास सोडण्याचीच कल्पना आहे, आणि नंतर तो दिवसाच्या मुख्य जेवणाला लावला गेला. हे मुख्य जेवण जसे दुपारकडून रात्रीकडे सरकले, तसा शब्दही सरकला. उत्तर इंग्लंडमध्ये अजूनही पुष्कळ घरांत दुपारचे जेवण ‘डिनर’ आणि संध्याकाळचे ‘टी’ असते. तेथे कुणी ‘टी’ला बोलावले, तर चहाच मिळेल असे समजून घरून जेवून जाऊ नये.

सातासमुद्रापार

मी गेली सोळा वर्षे अमेरिकेत राहते, आणि नात्यांच्या शब्दांची अडचण माझ्या घरात रोज येते. माझ्या मुलीला शाळेत कुटुंबवृक्ष काढायचा होता. तिने माझ्या भावाच्या खाली ‘अंकल’ लिहिले, तिच्या वडिलांच्या भावाच्या खाली ‘अंकल’ लिहिले, माझ्या बहिणीच्या यजमानांच्या खाली ‘अंकल’ लिहिले आणि मग कागद माझ्यापुढे ठेवून विचारले की, ही तीन माणसे एकच आहेत असे यावरून वाटत नाही का? मला त्या वेळी उत्तर देता आले नाही.

नंतर वाचन केल्यावर कळले की, इंग्रजी नेहमी अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत आईचा भाऊ ‘एआम’, वडिलांचा भाऊ ‘फेदेरा’, वडिलांची बहीण ‘फाथू’ आणि आईची बहीण ‘मोद्रिये’. म्हणजे मामा, काका, आत्या आणि मावशी हे चारही शब्द त्या भाषेत होते. फ्रेंचमधून ‘अंकल’ आणि ‘आंट’ आले आणि या चारांची जागा दोघांनी घेतली. त्यातही ‘अंकल’चे मूळ असलेला लॅटिन ‘आवुन्कुलुस’ हा फक्त आईचा भाऊ आणि ‘आंट’चे मूळ ‘अमिता’ ही फक्त वडिलांची बहीण. शब्दांच्या मुळाप्रमाणे अंकल म्हणजे मामा आणि आंटी म्हणजे आत्या. काका आणि मावशी यांचे लॅटिन शब्द इंग्रजीपर्यंत पोहोचलेच नाहीत.

हे भेद केवळ लाडाचे नाहीत, त्यांना वारसा आणि विवाह यांचा आधार आहे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या प्रसंगी ‘काका मला वाचवा’ अशी हाक त्यांच्या तोंडी सांगितली जाते. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटले की त्या हाकेतील सगळी वेदना जाते, कारण रघुनाथराव हे वडिलांचे भाऊ होते, म्हणून त्याच गादीवर हक्क सांगणारे होते. मामाला पेशवाईवर हक्क सांगता आला नसता.

‘कझिन’चेही तेच. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, पण चुलतबहीण आणि मावसबहीण या बहिणीच मानल्या जातात. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील रीती महाराष्ट्रात एकत्र कशा येतात, याची मांडणी केली आहे. जिथे एका बहिणीशी लग्न होऊ शकते आणि दुसरीशी नाही, तिथे दोघींना एकच शब्द कसा चालेल? ‘कझिन’ने भागत नाही म्हणूनच भारतीय इंग्रजीत ‘कझिन ब्रदर’ आणि साडूसाठी ‘को-ब्रदर’ असे शब्द तयार झाले. त्यांना चुकीची इंग्रजी म्हणून हिणवले जाते, याचे मला वाईट वाटते. ते गरजेतून आलेले शब्द आहेत.

काळीशाई

सातासमुद्रापार यांनी लिहिलेले सगळे पटले. मी कायदेशीर दस्तऐवजांच्या भाषांतराचे काम करतो, म्हणून ‘नेफ्यू’ आणि ‘नीस’ यांच्याबद्दल लिहितो. या शब्दांच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘नेपोस’चा अर्थ नातू असा होता आणि पुढे तो पुतण्या-भाच्यांनाही लागू झाला. त्याचा संस्कृतातील भाऊबंद ‘नप्तृ’, आणि त्यावरून आपला ‘नातू’. म्हणजे ‘नेफ्यू’ आणि ‘नातू’ हे एकाच घराण्यातील शब्द आहेत. इंग्रजीतही सतराव्या शतकापर्यंत जुना अर्थ जिवंत होता. १६११ च्या बायबलमध्ये विधवेच्या ‘नेफ्यूज’चा उल्लेख आहे, तेथे अर्थ नातवंडे असा आहे. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हॉल हिला ‘नीस’ म्हटले आहे, आणि ती त्याच्या मुलीची मुलगी, म्हणजे सख्खी नात होती. इटालियन भाषेतील ‘निपोते’ हा शब्द आजही नातू आणि पुतण्या-भाचा या दोहोंसाठी चालतो. पोपांनी आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनलपदे दिली, त्यावरून ‘नेपोटिझम’ हा शब्द आला.

‘मदर-इन-लॉ’बाबतही दक्षता घ्यावी. एकोणिसाव्या शतकातील लेखनात त्याचा अर्थ सावत्र आई असाही होतो. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधील सॅम वेलर आपल्या सावत्र आईचा उल्लेख असाच करतो, आणि सॅम त्या वेळी अविवाहित आहे, एवढे लक्षात घेतले तरी ‘सासू’ हे भाषांतर टळते.

मात्र मराठीकडे सगळे भेद आहेत आणि इंग्रजीकडे काहीच नाहीत, असा निष्कर्ष कुणी काढू नये. हिंदीत ‘दादा’ आणि ‘नाना’ वेगळे आहेत, आपले ‘आजोबा’ दोन्हीकडचे एकच. बायकोचा भाऊही ‘मेहुणा’ आणि बहिणीचा नवराही ‘मेहुणा’.

विदर्भातून

काळीशाई यांच्या मुद्द्याला जोडून: एकवचनी ‘बायको’ म्हणजे पत्नी, पण ‘बायका’ म्हणजे स्त्रिया. इंग्रजीतील ‘वाइफ’चा जुना अर्थही स्त्री असाच होता, आणि सुईणीसाठीच्या ‘मिडवाइफ’ या शब्दात तो उरला आहे. तसेच ‘हजबंड’ हा मुळात घरधनी, जमीनजुमला आणि गुरेढोरे सांभाळणारा. आपल्या पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी नावात ‘हजबंड्री’ हा शब्द आहे, तो या अर्थाने. माझे वडील त्या खात्यात नोकरीला होते आणि लहानपणी मला त्या पाटीचा अर्थ लागत नसे.

सातासमुद्रापार

आमच्या एकत्र कुटुंबात माझी आई तिच्या आईला ‘वहिनी’ म्हणत असे, कारण घरातील सगळे दीर तशी हाक मारत आणि मुलांनी तीच उचलली. नात्याचा शब्द आणि हाकेचा शब्द हे दोन निराळे असतात, हे मी मुलीला आता या उदाहरणाने सांगते. ती आपल्या मैत्रिणीच्या वडिलांना ‘अंकल’ म्हणते, तेव्हा ती हाक असते.

रानवाट

याच न्यायाने आपल्याकडे आलेले इंग्रजी शब्दही पाहावेत. मराठीत ‘सिस्टर’ म्हणजे रुग्णालयातील परिचारिका. सख्ख्या बहिणीला तशी हाक फारसे कुणी मारत नाही. त्याच रुग्णालयात आयाबाईंना मात्र आपण ‘मावशी’ म्हणतो. ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ आणि चहा मिळण्याचे ठिकाण, तेथे मुक्कामाची सोय असायलाच हवी असे नाही. इंग्रजीने फ्रेंच शब्दांना जे केले, तेच आपण इंग्रजी शब्दांना करतो आहोत.

गवाक्ष (धागाकर्ता)

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वहीची अनेक पाने भरली. त्या मासिकाचे संपादक जुन्या अनुवादांचा संग्रह काढत आहेत आणि माझा तो लेख त्यात असणार आहे. ‘मक्याचे कायदे’ बदलून मी ‘धान्य कायदे’ असे केले आहे. त्याच लेखात मँचेस्टरच्या एका गिरणी कामगाराचा ‘डिनर’साठी घरी जाण्याचा प्रसंग आहे आणि तेथे मी ‘रात्रीचे जेवण’ लिहिले होते. माजघर यांचा प्रतिसाद वाचून मूळ परिच्छेद पुन्हा काढला. त्याच परिच्छेदात पुढे तो कामगार भोंगा वाजल्यावर पुन्हा कामावर परततो. ते आता ‘दुपारचे जेवण’ असे दुरुस्त करून संपादकांकडे पाठवले आहे.

सातासमुद्रापार, कुटुंबवृक्षाचे शेवटी काय झाले, ते वाचायला आवडेल.

सातासमुद्रापार

तिने ‘अंकल’ हे तिन्ही शब्द खोडले आणि रोमन लिपीत मामा, काका आणि मावशीचे यजमान म्हणून पुन्हा काका असे लिहिले. खाली एक छोटी टीप जोडून प्रत्येक शब्दाचा अर्थ तिने इंग्रजीत सांगितला. दोन्ही काका वेगळे कसे ओळखायचे, असे बाईंनी विचारले तेव्हा तिने त्यांची नावे लिहिली.